निळ्या पडद्यावरचा प्रश्न

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. मायना नीट लिहीत बसले तर राग निवेल, आणि मला तो इतक्यात निवू द्यायचा नाही. म्हणून आधी मुद्द्याचं लिहिते. मी तुमच्याकडे राहायला येणार नाही. मुलाकडेही जाणार नाही.

मुलगा तुम्हाला काय सांगून बसलाय मला माहीत नाही. परवा तो आणि सून येऊन गेले. मी आत चहा गाळत होते, तेवढ्या वेळात बाहेर माझी सोय लागून गेली. हे घर सोडायचं, ह्यांचा संगणक आणि दोन्ही पडदे विकून टाकायचे, माझी पुस्तकं कुणा वाचनालयाला द्यायची, आणि मी काही महिने त्यांच्याकडे, काही महिने तुमच्याकडे. मी कप आणून ठेवले तर सून मला म्हणाली, आई, तुम्हाला आता कशाची काळजी नाही. मी म्हटलं, साखर घाल, मी घातलेली नाही.

फोनवर बोलले असते, पण तुमच्या कानांचं आणि फोनचं जमत नाही. निम्मं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेल्यावर आपलं भांडण होतं. पत्रात भांडण तरी नीट होईल.

तर संगणक मी विकणार नाही. सध्या तो धड नाही हे खरं आहे. गेल्या महिन्यात त्याच्यातून करपल्यासारखा वास आला आणि पडदा गेला. आतलं ग्राफिक्स कार्ड जळलं होतं. हे कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग. ह्यांच्या कामात सगळा भार त्याच्यावरच असायचा. मी बाजारात जाऊन एक वापरलेलं कार्ड आणलं, पेटी उघडून जुनं काढलं आणि नवं बसवलं. हो, मीच. चार स्क्रू आणि एक खाच, त्यापलीकडे त्यात काही नाही. पण कार्ड दुसऱ्या कंपनीचं निघालं. आता संगणक सुरू होतो, पण अक्षरं भिंतीवरच्या जाहिरातीएवढी दिसतात, दुसरा पडदा काळाच राहतो, आणि चित्र काढायला घेतलं की प्रोग्रॅम म्हणतो, मला कार्ड दिसतच नाही.

कार्ड आणि संगणक यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या कार्डाचा दुभाषा ह्यांच्या लिनक्समध्ये, म्हणजे हा संगणक ज्यावर चालतो त्या सिस्टीममध्ये, आधीपासूनच होता, त्यामुळे ही भानगड कधी माझ्या कानावर आली नव्हती. नव्या कार्डाचा आपण आणून बसवायचा असतो. संगणकाच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, काकू, कशाला त्या लिनक्सच्या नादी लागता, मी सगळं पुसून नेहमीची सिस्टीम टाकून देतो. मी त्याला म्हटलं, माझं घर पुसायला मी तुम्हाला बोलावलं नव्हतं.

मुलानं विचारलं, आई, तुला त्याचं करायचंय काय. मी म्हटलं, सुरू करायचाय. पुढचं त्याला सांगितलं नाही आणि आत्ता तुम्हालाही सांगत नाही.

तब्येत बरी आहे. झोपही येते. पलंगाची पलीकडची बाजू रिकामी आहे, तिची सवय होत नाही, आणि मी करूनही घेत नाही.

तुमची,
वाचकबाई


८ फेब्रुवारी

वाचकबाई,

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही राग आला, दुसऱ्यांदा रडू आलं, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं नाही.

तुझा मुलगा वाईट नाही. त्यानं मला काय सांगितलं ते ऐक. तो म्हणाला, आत्या, आई दिवसभर बाबांच्या टेबलाशी बसलेली असते. समोर पडदा काळा असतो आणि ती त्याच्याकडे बघत असते. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देते. हे ऐकून मी काय समजायचं? बारक्याला जाऊन वर्ष होत आलं. माझा धाकटा भाऊ होता तो. मी त्याला कडेवर घेऊन फिरवलंय, त्याचं नाक पुसलंय. मला दुःख काही कमी आहे, असं समजू नकोस. पण मी त्याचा चष्मा देव्हाऱ्यात नेऊन ठेवला नाही. वस्तूंना धरून बसलं की माणूस परत येत नाही आणि आपण मात्र जागचे हलत नाही.

तू मला पाठवलेलं ते जिन्याखालच्या कपाटाचं चित्र, त्याच्या शेवटच्या कामांतलं, ते मी चौकटीत घालून भिंतीवर लावलंय. सकाळी उठले की आधी ते दिसतं. काय तो उजेड, काय ती लाकडाची रेघ. आजारपणात त्याचा हात सुधारला, म्हणावं. तेवढं मला पुरतं. त्याच्यासाठी अख्खा संगणक घरात ठेवायला नको.

माझ्याकडची मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. खिडकी आहे, शेल्फ लावून घेते, पुस्तकं सगळी घेऊन ये, वाचनालयाला एकही देऊ नकोस. सुनेचं मनावर घेऊ नकोस, ती साखर विसरणाऱ्यातली नाही, पण बोलायचं कधी हे तिला कळत नाही.

आणि तू स्क्रू फिरवून पेटी उघडलीस! विजेचं काम आहे ते. शॉक लागला असता म्हणजे?

हट्ट पुरे. कधी येतेस ते कळव.

तुझी,
वन्सं


१३ फेब्रुवारी

वन्सं,

वायर काढून ठेवली होती. शॉक लागणार नव्हता. एवढी अक्कल मला आहे.

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगते, कारण तुम्ही मला देव्हारा करून बसलेली बाई समजलात आणि ते मला सहन होत नाही. मी काळ्या पडद्याकडे बघत बसत नाही. काळ्या पडद्याचं करायचं काय ते शोधत बसते. त्यात हाक ऐकू येत नाही, कारण मी कामात असते. पुरुषमाणूस असा बसला असता तर मुलानं घरातल्यांना हळू बोला म्हणून सांगितलं असतं.

ह्यांचं काम तुम्हाला ठाऊक आहे. फर्निचरच्या कारखान्यात कपाट, ओटा, दुकानाची मांडणी तयार होण्याआधी ती कशी दिसेल याचं चित्र संगणकावर काढून द्यायचं, म्हणजे गिऱ्हाईक बघून हो म्हणतं. लग्नानंतर मी शेजारी स्टूल घेऊन बसायची. आधी नुसती बघायची. मग मुठी कुठल्या, लाकूड कुठलं, हे मी सांगायला लागले. मग माउस माझ्याकडे आला. हे अंथरुणाला खिळले त्यानंतरची सगळी चित्रं मी काढली आहेत. कारखानदाराला माहीत नाही, मुलाला माहीत नाही. ह्यांनीच सांगू नको म्हटलं होतं. काम बंद होईल अशी भीती त्यांना होती.

तुमच्या भिंतीवरचं चित्रही माझंच आहे. तुम्ही लिहिलं नसतंत तर मी कधीच बोलले नसते. पण तुम्ही त्याच चित्राच्या जोरावर मला संगणक विकायला सांगता, मग गप्प कशी बसू.

कारखानदारानं मला एक काम दिलं आहे. ह्यांनी शेवटी मदतीला घेतलेला माणूस अजून आहे, असं मी त्याला सांगितलं. खोटं नाही ते. गुडघे गेलेल्या एका बाईंना बसून स्वयंपाक करायचा आहे, त्यांच्यासाठी बुटका ओटा. फेब्रुवारी संपायच्या आत चित्र हवं. नाहीतर तो दुसऱ्याकडे जाईल, आणि एकदा गेलेला कारखानदार परत येत नाही. हे काम राहिलं तर मी या घरात माझ्या जिवावर राहते. गेलं तर मला तुमच्या मागच्या खोलीत यावंच लागेल, आणि मग मी येईन ती पाहुणी म्हणून नाही, ओझं म्हणून.

आता संगणकाचं. इतर संगणकांवर करतात तसं मी केलं. कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घेतला आणि चालवला. पुन्हा सुरू केलं तर पडदा पूर्ण काळा, कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर शोधत बसले. माझ्यासारखं करून पस्तावलेले लोक जगभर आहेत, वन्सं, आणि ते एकमेकांना लिहून सांगतात. लिनक्समध्ये ड्रायव्हर बाहेरून आणायचा नाही, तो लिनक्सच्याच भांडारातून घ्यायचा, हे पहिल्यांदा तिथं कळलं. आणि हेही कळलं की पडदा काळा असला तरी तीन कळा एकत्र दाबल्या की संगणक नुसत्या अक्षरांत बोलायला लागतो. दाबल्या. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यानं माझं नाव विचारलं. त्याला चित्र दाखवता येत नव्हतं, पण लिहिता-वाचता येत होतं. मग मला कसली अडचण? कागदावर उतरवून घेतलेल्या आज्ञा एकेक करून टाइप केल्या, तो बाहेरचा ड्रायव्हर काढला, आणि पडदा परत आला. तेच जाहिरातीएवढं अक्षर, पण मला ते इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर भांडारातला ड्रायव्हर घेतला. बसवताना संगणकानं मला एक पासवर्ड ठरवायला सांगितला, मी ठरवला. पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा आला, त्यावर इंग्रजीत काहीतरी विचारत होता. ह्यांनी आम्हा सगळ्यांना लावलेली शिस्त तुम्हाला माहीत आहे: संगणकानं न कळणारं काही विचारलं तर नाही म्हणायचं आणि पुढं जायचं. मी पुढं गेले. ड्रायव्हर बसला म्हणून संगणक सांगतो, पण कार्ड अजून दिसत नाही. पुन्हा काढला, पुन्हा बसवला, पुन्हा निळा पडदा, पुन्हा तेच. कुठं चुकतंय कळत नाही.

पण चुकतंय ते मीच शोधणार आहे.

तुमची,
वाचकबाई


१८ फेब्रुवारी

वाचकबाई,

तुझं पत्र आलं आणि मी भिंतीवरचं चित्र उतरवून पलंगावर ठेवलं. मग त्याच्या शेजारी बसले. शेजारीण डबा परत द्यायला आली, म्हणाली, काय हो, खिळा निघाला का. मी हो म्हटलं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. माझ्या भावाच्या हातचं शेवटचं काहीतरी माझ्याजवळ आहे, असं मी धरून चालले होते. तेवढं तरी मला ठेवायचं होतंस. पण तू नसतं सांगितलंस तर मी आणखी चार पत्रांत तुला उपदेश केला असता, तेही खरं.

बारक्यानं माझ्यापासून लपवलं याचा जास्त राग आला. बायकोच्या हातचं काम आपल्या नावावर जातंय, हे बहिणीला सांगायला काय लाज होती? असो. तो आता ऐकत नाही, आणि आधीही ऐकत नव्हता.

मला तुझ्या दुभाष्यातलं काही कळलं नाही. निळा पडदा काळा पडदा तुझा तू बघ. पण एक गोष्ट वाचून मी हसले, ती सांगते. न कळणाऱ्या प्रश्नाला नाही म्हणायचं, ही शिस्त कुठून आली ते त्यानं तुला सांगितलेलं दिसत नाही. सांगेल कसा. मी शाळेच्या कचेरीत होते तेव्हा आमच्याकडे पहिला संगणक आला. बारक्या कॉलेजात होता, मोठा जाणकार म्हणून मी त्याला बोलावलं. तो बसला, टकटक केलं, संगणकानं काहीतरी विचारलं, आणि ह्या शहाण्यानं न वाचता हो दाबलं. अख्ख्या शाळेचं वेळापत्रक पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात तीन मास्तर एकदम शिरले आणि आठवीत कुणीच नाही. मुख्याध्यापक मला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बारक्या इतका घाबरला की आठवडाभर माझ्यासमोर आला नाही. तेव्हापासून तो सगळ्याला नाही म्हणायला लागला. तू तिला शिस्त म्हणतेस. ती त्याची भीती होती, बाई. त्याची चूक हो म्हणण्यात नव्हती, न वाचण्यात होती.

आता खरं काम. मी एक करून बसले आहे. तुझं पत्र यायच्या आधी मुलाचं पत्र आलं होतं, आईला कसं तयार करायचं म्हणून. मी त्याला लिहिलं, विचारत बसू नकोस, टेम्पो घेऊन जा आणि सामान हलव, एकदा हललं की ती येईल. तो या रविवारी येतोय. दुसरं पत्र टाकलं आहे थांब म्हणून, पण ते वेळेत पोचेल असं वाटत नाही. माझ्या नावानं काय ओरडायचं ते ओरड, मला तसंही ऐकू येत नाही.

तुझी,
वन्सं


२६ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र शनिवारी दुपारी आलं. टेम्पोबद्दल वाचून मी आधी दाराची कडी बघितली. मग वेळापत्रकाची हकीकत पुन्हा वाचली आणि एकटीच हसले. या घरात मी मोठ्यानं हसले त्याला पुष्कळ दिवस झाले. आवाज मलाच परका वाटला.

मग डोक्यात आलं की मीही तेच करतेय, फक्त उलट्या बाजूनं. ह्यांनी न वाचता हो म्हटलं, मी न वाचता नाही म्हणतेय. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मी हातात पडेल ते वाचत आले, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. आणि तो निळा पडदा मी एकदाही वाचला नव्हता.

रविवारी सकाळी शब्दकोश घेऊन बसले. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला, कारण नाही म्हटलं की तो प्रश्न निघून जातो, परत विचारायला लावावा लागतो. पासवर्ड ठरवला. पुन्हा सुरू केलं. निळा पडदा आला. तो फार वेळ थांबत नाही, म्हणून आधी एक कळ दाबून त्याला धरून ठेवला. मग एकेक शब्द काढत गेले. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, आहे तसं पुढं जा. मी आजवर तेच दाबत होते. दुसऱ्या ओळीत होतं, किल्लीची नोंद करा. कसली किल्ली, तर मशीन ओनर की. यंत्राच्या मालकाची किल्ली.

मोबाइलवर बघितलं. अनोळखी कुणालाही आत घ्यायचं नाही, असं या संगणकाला कारखान्यातूनच शिकवलेलं असतं. नवा ड्रायव्हर त्याला अनोळखी. त्याला आत घ्यायचं तर मालकानं स्वतः संगणकासमोर बसून, आपण ठरवलेला पासवर्ड देऊन सांगायचं, हा माझ्या ओळखीचा आहे. दुरून सांगितलेलं चालत नाही. म्हणजे इतके दिवस तो मला विचारत होता, इथला मालक कोण, आणि मी दर वेळी म्हणत होते, माहीत नाही, तू चल पुढं.

तेवढ्यात दार वाजलं. मुलगा. खाली टेम्पो उभा. तुमचं दुसरं पत्र त्याला मिळालं नव्हतं. आत आला, दोऱ्या आणि रिकामी खोकी घेऊनच. पडदा बघितला आणि धावतच टेबलाशी आला. "आई, थांब," म्हणाला, "बाबा काय सांगायचे? कळत नसेल तर नाही दाबायचं." आणि त्याचा हात पुढं आला. अगदी ह्यांच्यासारखा, तळवा खाली करून.

मी त्याला म्हटलं, "हात मागे घे. मला कळतंय."

तो म्हणाला की काही बिघडलं तर हा विकलाही जाणार नाही. मी, किल्लीची नोंद करा, हे निवडलं. त्यानं विचारलं, नक्की? हो. पासवर्ड मागितला. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, चुकलं तरी कळत नाही. मुलगा मागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग सगळं काळं झालं. तो काहीतरी बोलायला लागला आणि थांबला, कारण पडदा उजळला होता. बारीक, स्वच्छ अक्षरं. मग दुसरा पडदाही. मी प्रोग्रॅम उघडला. कार्डाचं नाव यादीत होतं.

मी टेबलावर डोकं टेकलं. मुलानं पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं मी बाबांसाठी रडतेय. बरोबर होतं त्याचं, पण अर्धंच.

मग त्याला बुटका ओटा उघडून दाखवला. ही चित्रं कुणाची, तेही सांगितलं. मग पहिला प्रश्न त्यानं विचारला, "उद्या परत बंद पडला तर?"

"तर परत वाचेन."

टेम्पोवाल्यानं खालून हॉर्न दिला. मी म्हटलं, त्याला वर बोलव, चहा दे आणि पाठव. टेम्पोवाला चहा पिऊन गेला. रिकामी खोकी इथंच राहिली, ती मला पुस्तकांवरची धूळ काढताना कामाला आली. मुलगा संध्याकाळपर्यंत थांबला. चित्र तयार होताना आधी सगळं दाणेदार दिसतं, वाळू पसरल्यासारखं, मग हळूहळू निवळत जातं. तो स्टूल घेऊन बघत बसला होता. माझ्या त्या जुन्या जागी. राग पूर्ण गेलेला नाही त्याचा. सुनेला काय सांगू, असं जाताना म्हणाला. मी म्हटलं, सांग की आईला काळजी आहे.

चित्र परवा कारखानदाराला पाठवलं.

आता तुमच्या भिंतीवरच्या चित्राचं. त्यात ह्यांचा हात होता असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण नव्हता. माउस धरण्याइतकी ताकद त्यांच्यात राहिली नव्हती. शेजारी पडून ते माझ्या चुका काढत होते, एवढंच. उजेड खोटा वाटतोय, परत कर. मुठी फार चकचकीत, परत कर. मी चिडून परत करायची. त्यांचं त्यात काय आहे असं विचाराल तर तेवढंच आहे.

तुमची,
वाचकबाई


४ मार्च

वाचकबाई,

मुलगा येऊन गेला. माझ्याकडून मागे नेलेल्या दोऱ्या परत करायच्या राहिल्या म्हणून सांगत होता, पण आला होता बोलायला. आई मला म्हणाली हात मागे घे, असं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना हसत होता.

चित्र पुन्हा लावलं. मोकळी भिंत बघवत नव्हती. आता सकाळी बघते तेव्हा तो पडल्या पडल्या तुझ्यावर कुरकुर करताना दिसतो. लहानपणी ताप आला की माझ्यावरही असाच करायचा. पाणी फार गार, परत आण. फार गरम, परत आण. तेव्हा माझं काही गेलेलं नाही, असं मी ठरवलं आहे.

मागच्या खोलीत मी आता कांदे ठेवणार आहे. कारखानदार काय म्हणाला?

तुझी,
वन्सं


१७ मार्च

वन्सं,

उत्तराला उशीर झाला, कारण कारखानदारानं मला दहा-बारा दिवस टांगून ठेवलं.

आधी त्याचा फोन आला. चित्र चांगलं आहे, म्हणाला, पण कॅमेरा कुठं ठेवलाय? (संगणकातल्या चित्रात आपण जिथून बघतो त्या जागेला कॅमेरा म्हणतात.) तुमचे साहेब नेहमी दारातून चित्र काढायचे, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. हे तर जमिनीवर बसून काढल्यासारखं दिसतंय. त्या मदतनिसाला सांगा, दारातून काढून पाठव. मी म्हटलं, मदतनीस मीच आहे, आणि हे असंच राहील. तो म्हणाला, कधीपासून? मी सांगितलं. विचार करतो, म्हणाला, आणि फोन ठेवला. मी हात जोडायला हवे होते, असं नंतर क्षणभर वाटलं. क्षणभरच.

दुसरं चित्र हाताशी नाही म्हणून त्यानं तेच गिऱ्हाइकाला दाखवलं. आणि मग बाईंचाच मला निरोप आला, जिनं काढलं तिला घरी पाठवा. मी टेप घेऊन गेले. बाई पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या, माणसाला एका नजरेत तपासतात. स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या, चित्राचा कागद मांडीवर. माझ्याशी बोलता बोलता त्यांचा हात पुढं गेला, हवेतच, आणि त्यांनी नसलेला खण ओढला. मग मला म्हणाल्या, हा खालचा खण माझ्या स्टुलाच्या पायाला आपटेल. मी वाकून बघितलं. आपटला असता. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. टेप लावली, खण वर घेतला, सगळी मापं पुन्हा घेतली.

निघताना त्यांनी विचारलं, तुमचेही गुडघे गेलेत का? इथून कसं दिसतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

माझे गुडघे चांगले आहेत, मी म्हटलं. माझ्या नवऱ्यानं सांगितलं. शेवटचे महिने ते अंथरुणावरून घर बघत होते. टेबलाच्या खालची बाजू रंगवायची राहून गेलीय, खिडकीच्या गजाला गंज चढलाय, वरच्या कप्प्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही, हे ते मला रोज सांगायचे. इतकी वर्षं दारात उभा राहून चित्रं काढली आणि हे कधी दिसलं नाही, असं म्हणायचे. मला तेव्हा कंटाळा यायचा. भाजी करपायची आणि हे गंजाचं सांगत असायचे.

माझ्या हातातली टेप घेऊन बाईंनी ती नीट गुंडाळून दिली.

ओट्याचं काम सुरू झालं आहे. काल कारखानदारानं मला बोलावून पुढच्या कामाचे कागद दिले. एका शिंपिणीच्या दुकानाची मांडणी आहे. ती दिवसभर मशीनवर बसलेली असते. कागद देताना त्यानं बजावलं, हे मात्र नेहमीसारखं दारातून काढा.

मी कागद घेतले, मापं नीट आहेत का बघितली, घरी आले, संगणक सुरू केला आणि कॅमेरा खाली आणला.

तुमची,
वाचकबाई